हॉटेल कर्मचाऱ्यांचे कार्यसमाधान : मुंबईच्या हॉटेल व्यवसायाच्या इतिहासातील काही निर्णायक घटक

प्रस्तावना

व्यवस्थापनशास्त्रात 'कार्यसमाधान' ही संकल्पना रूढ होऊन आता बराच काळ लोटला आहे. रॉबर्ट हॉपॉक यांचा या विषयावरील ग्रंथ १९३५ साली प्रसिद्ध झाला. फ्रेडरिक हर्झबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांचा 'द मोटिव्हेशन टू वर्क' हा ग्रंथ १९५९ मध्ये आला. समाधान देणारे घटक वेगळे आणि असमाधान टाळणारे घटक वेगळे, अशी विभागणी हर्झबर्ग यांनी केली. वेतन, देखरेख आणि कामाची परिस्थिती यांची गणना त्यांनी दुसऱ्या गटात केली, तर यश, मान्यता, बढती व कामाचे स्वरूप यांना पहिल्या गटात स्थान दिले. ही मांडणी पिट्सबर्ग परिसरातील सुमारे दोनशे अभियंते व हिशेबनीस यांच्या मुलाखतींवर आधारलेली होती, ही बाब मात्र पुष्कळदा विसरली जाते. भटारखान्यातील आचारी किंवा मोरीवर कपबशा विसळणारा पोऱ्या त्या मुलाखतींत कोठेही नव्हता.

हॉटेल कर्मचाऱ्यांच्या समाधानाचा अभ्यास सामान्यतः पाच पर्यायांच्या प्रश्नावलीने केला जातो. प्रश्नावली ज्या दिवशी भरून घेतली जाते, त्या दिवशीचे समाधान ती मोजते. इतिहासाच्या अभ्यासकासमोरील प्रश्न निराळा आहे. या व्यवसायात माणसे कोठून आली, कशाच्या बळावर टिकली आणि कशामुळे निघून गेली, हे त्याला पाहावयाचे असते. मुंबईच्या बाबतीत असे दिसते की, हॉटेल कामगाराचे समाधान हाती पडणाऱ्या पगारापेक्षा 'हे काम आपल्याला कोठे नेणार' या प्रश्नाच्या उत्तरावर अधिक अवलंबून राहिले. प्रस्तुत लेखात याच दृष्टीने काही घटकांचा विचार केला आहे.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. मराठीत 'हॉटेल' या शब्दाची व्याप्ती कोपऱ्यावरील चहाच्या दुकानापासून पंचतारांकित निवासापर्यंत आहे. अभ्यासासाठी नमुना निवडताना मात्र तारांकित हॉटेलांकडेच वळण्याची प्रवृत्ती आढळते, कारण तेथे परवानगी देणारा मनुष्यबळ अधिकारी असतो. त्यामुळे व्यवसायाचा फार मोठा भाग अभ्यासाबाहेर राहतो. लोकांच्या बोलण्यातील 'हॉटेल' हा व्यापक अर्थच येथे गृहीत धरला आहे.

कुड आणि इराण्याचा गल्ला

मुंबईत बाहेर जेवण्याची सवय उशिरा रुजली. फ्रँक कॉनलन यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात या इतिहासाचा तपशीलवार मागोवा घेतला आहे. कोणाच्या हातचे खावे याविषयीचे जातिनिर्बंध हा या विलंबामागील मोठा भाग होता. त्याचा कामगारांच्या दृष्टीने अर्थ असा की, आचाऱ्याची जात हे त्या काळात एक प्रकारचे भांडवल होते. त्याच न्यायाने ज्याची जात 'चालत' नसे त्याला मोरीपलीकडे जाणे अवघड होते. प्रश्नावलीत 'बढतीची संधी' म्हणून जो घटक येतो, त्याचा मुंबईतील पहिला इतिहास हा असा आहे.

युरोपियनांसाठी असलेले वॉटसन हॉटेल १८६० च्या दशकात उभे राहिले. १६ डिसेंबर १९०३ रोजी जमशेटजी टाटांचे ताजमहाल हॉटेल सुरू झाले. अशा मोठ्या हॉटेलांना पाश्चात्त्य पद्धतीचा स्वयंपाक व वाढप जाणणारी माणसे हवी होती. ती प्रामुख्याने गोव्यातून आली. गोमंतकीय ख्रिस्ती समाजात अन्नाच्या स्पर्शास्पर्शाचे निर्बंध त्या रीतीने आड येत नव्हते आणि पोर्तुगीज अमलामुळे पाव, मांस व मद्य यांची स्वयंपाकघराला ओळख होती.

या गोमंतकीय कामगारांचे 'कुड' हे कार्यसमाधानाच्या अभ्यासात विशेष लक्ष देण्याजोगे आहेत. धोबी तलाव व आसपासच्या भागात गोव्यातील एकेका गावाच्या नावाने हे कुड चालत. आगबोटीवरील खलाशी, आचारी, वाढपी नाममात्र वर्गणी देऊन तेथे राहत. प्रत्येकाची पेटी, सायंकाळची सामुदायिक प्रार्थना आणि कोठे जागा रिकामी आहे याची खबर, एवढा तेथील संसार होता. बाह्यतः ही केवळ निवासाची सोय वाटते. परंतु तिचा परिणाम खोलवर होता. ज्याला गावच्या कुडात अंथरूण टाकण्याचा हक्क आहे, त्याला साहेबाशी न पटल्यास नोकरी सोडता येत असे. नोकरी गेली तरी छप्पर जात नव्हते. कामावरील समाधानात काम सोडण्याच्या मोकळिकीचा केवढा वाटा असतो, हे या एका संस्थेवरून ध्यानात येते.

इराणी हॉटेलांची गोष्ट थोडी वेगळी आहे. याझ्द व केरमान परिसरातून आलेल्या झरथुष्ट्री इराण्यांनी रस्त्यांच्या कोपऱ्यांवर आपली हॉटेले थाटली. कयानी १९०४ चे, ब्रिटानिया १९२३ चे. गल्ल्यावर मालक स्वतः बसे. मालक व कामगार दिवसभर एकाच छताखाली असल्याने तक्रार थेट ऐकली जाई, ही जमेची बाजू होय. परंतु गल्ल्यामागील खुर्ची नात्यातच राहत असल्यामुळे इतरांसाठी ती वाट बंद होती.

मोरी ते गल्ला

दक्षिण कॅनरा जिल्ह्यातून मुंबईत आलेल्या तरुणांनी उडुपी हॉटेलांची जी परंपरा उभी केली, तिच्यात हीच वाट काही अंशी खुली झाली. स्टिग टॉफ्ट मॅडसन व जेफ्री गार्डेला यांनी उडुपी हॉटेलांवरील २०१२ मधील अभ्यासात १९२३ च्या महापुरानंतर झालेल्या स्थलांतराकडे लक्ष वेधले आहे. प्रारंभी शिवळ्ळी ब्राह्मण व त्यांचे आप्त या व्यवसायात होते. १९७४ च्या कर्नाटक जमीन सुधारणा कायद्यानंतर जमिनी गेलेल्या बंट कुटुंबांतील तरुणांचाही ओघ वाढला. मुंबईत 'शेट्टीचे हॉटेल' हा शब्दप्रयोग रूढ झाला तो या प्रवाहामुळे.

माटुंग्याचे ए. रामा नायक हे या परंपरेतील सुपरिचित उदाहरण. लहान वयात मुंबईस येऊन त्यांनी स्वयंपाकघरातील हलकीसलकी कामे केली आणि १९४२ मध्ये माटुंगा स्थानकाजवळ 'उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग' सुरू केले. विठ्ठल कामत यांच्या 'इडली, ऑर्किड आणि मी' या आत्मकथनामुळे अशीच एक कहाणी मराठी वाचकांच्या घरोघरी पोहोचली. अशा चरित्रांचे मोल त्यांच्या नायकांपुरते मर्यादित नाही. मोरीवर उभ्या असलेल्या शेकडो पोऱ्यांच्या मनात ती पुढच्या पायरीचे चित्र उभे करीत होती.

ही शिडी ठराविक होती. गावाकडचा मुलगा मामा किंवा काका यांच्या ओळखीने येई. प्रथम मोरी, मग टेबल पुसण्याचे फडके, त्यानंतर वाढप. हिशेब जमू लागला तर गल्ला आणि काही वर्षांनी भागीदारीत एखादे छोटे हॉटेल. पगार थोडा, तोही पुष्कळदा मालकाकडेच जमा राही. राहणे व जेवण हॉटेलातच असे. रात्री टेबले जोडून त्यावर झोपावयाचे आणि पहाटे भट्टी पेटण्यापूर्वी उठावयाचे. कुडातील गोमंतकीय आचाऱ्यापेक्षा हा मुलगा कितीतरी अधिक बांधलेला होता, कारण त्याची नोकरी आणि निवारा एकच होता. तरीही तो टिकला. त्याचे कारण आजच्या श्रमात शोधून सापडणार नाही. ते उद्याच्या भागीदारीत होते.

या चित्राची दुसरी बाजू नोंदविली नाही तर ते खोटे ठरेल. शिडीच्या वरच्या टोकास पोहोचणारे थोडे आणि तळाशी राहणारे अनेक होते. पोहोचलेल्यांची नावे हॉटेलांच्या पाट्यांवर राहिली. राहून गेलेल्यांची नोंद कोठेही नाही. शिवाय ती शिडी आप्तसंबंधांच्या दोराने बांधलेली असल्यामुळे परक्या माणसाला तिचा आधार मिळत नसे. चौदा वर्षांखालील मुलांना हॉटेलांत व धाब्यांवर कामास ठेवण्यास १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आली, तेव्हा 'आम्हीही असेच वर आलो' हा युक्तिवाद ऐकू आला. वर आलेल्यांनाच तो करता येतो, हे त्यातील न्यून स्पष्ट आहे.

रात्रशाळा आणि पदविका

मुंबईतील रात्रशाळांचा व हॉटेल कामगारांचा संबंध स्वतंत्र संशोधनाचा विषय व्हावा इतका निकटचा आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून किनारपट्टीवरील मोगवीर समाजाच्या संस्थेने मुंबईत मोफत रात्रशाळा चालविली, आणि पुढे फोर्ट परिसरात कन्नड माध्यमाच्या रात्रशाळा बहरल्या. दिवसा टेबल पुसणारा मुलगा रात्री बाकावर बसे. ज्या मालकाने संध्याकाळी दोन तास सोडले, तो चांगला मालक, असे एक साधे मोजमाप कामगारांत होते. पगारवाढीपेक्षा ही सवलत मोठी मानली जाई. कारण मॅट्रिक झालेल्याला बँकेत किंवा कचेरीत जाता येत होते. येथेही समाधान हॉटेलातून बाहेर नेणाऱ्या वाटेशी निगडित होते, हे लक्षणीय आहे.

१९५४ मध्ये मुंबईत हॉटेल व्यवस्थापनाचे शिक्षण देणारी संस्था सुरू झाली. दादरची ही संस्था या क्षेत्रातील देशातील आद्य संस्थांपैकी होय. तिच्यामुळे व्यवसायाला प्रतिष्ठा मिळाली, स्वच्छता व आहारशास्त्र यांचे शास्त्रीय ज्ञान आले, यात संशय नाही. परंतु त्याचबरोबर मोठ्या हॉटेलांत वरच्या जागांसाठी दुसरा दरवाजा उघडला. मोरीपासून चढत आलेला माणूस कॅप्टनच्या पदापर्यंत पोहोचे. त्यापुढे पदविकाधारक थेट येऊन बसे. पंधरा वर्षांच्या अनुभवावर दोन-तीन वर्षांचा अभ्यासक्रम वरचढ ठरला, ही भावना जुन्या कर्मचाऱ्यांच्या असमाधानाचे एक मूळ होय. वेतनश्रेणी सुधारून ते दूर होणारे नव्हते.

वेळेचा प्रश्न

हॉटेलातील कामाचे तास हा एक विलक्षण प्रकार आहे. ग्राहक सकाळी येतो, दुपारी येतो आणि रात्री येतो. मधल्या वेळात हॉटेल ओस असते. त्यातून 'ब्रेक शिफ्ट' जन्मली. काम नऊ तासांचे असले तरी दिवस मात्र पहाटेपासून रात्रीपर्यंत ताणला जातो. मुंबई इलाख्याने १९३९ मध्ये दुकाने व आस्थापना कायदा केला. १९४८ च्या कायद्याने त्याची जागा घेतली आणि उपाहारगृहांतील कर्मचाऱ्यांसाठी दिवसाला नऊ तासांची मर्यादा, विश्रांती, आठवड्याची सुट्टी व ओळखपत्र यांची तरतूद केली. परंतु विश्रांतीसह एकूण कामाचा पल्ला चौदा तासांपर्यंत जाऊ शकत होता. म्हणजे ब्रेक शिफ्टला कायद्यानेच जागा करून दिली होती. मधले चार-पाच तास कागदोपत्री कामगाराचे. पण विरार किंवा कल्याणला राहणाऱ्याने ते कसे वापरावेत? हॉटेलाच्या माळ्यावर पडून राहणे एवढाच पर्याय उरे. मुंबईच्या अंतरांनी हा प्रश्न जितका तीव्र केला, तितका तो कायदा करणाऱ्यांच्या ध्यानी आलेला दिसत नाही.

१९४८ च्या कायद्याची जागा घेणारा महाराष्ट्राचा नवा कायदा डिसेंबर २०१७ मध्ये अमलात आला, तो दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होणारा होता. त्यामुळे सात-आठ माणसांवर चालणारी असंख्य छोटी हॉटेले त्याच्या प्रमुख तरतुदींबाहेर राहिली. जेथे संरक्षणाची गरज अधिक, तेथेच ते पातळ झाले.

बक्षिसीचे दोन चेहरे

हॉटेल कामगाराला इतर कामगारांपासून वेगळे करणारी गोष्ट म्हणजे बक्षिसी. त्याचे उत्पन्न दोन हातांतून येते, मालकाच्या आणि ग्राहकाच्या. अर्ली हॉक्शील्ड यांनी १९८३ च्या ग्रंथात विमानातील परिचारिकांच्या संदर्भात 'भावनिक श्रमा'ची कल्पना मांडली. हसतमुख राहणे हाच ज्या कामाचा भाग, त्या कामात थकवा वेगळ्या जातीचा असतो. वाढप्याच्या बाबतीत त्या हसण्याला टेबलावरील नाण्यांचे मोल येते. भटारखान्यातील आचाऱ्याला मात्र ते मिळत नाही. विल्यम फूट व्हाइट यांनी शिकागोतील उपाहारगृहांचा अभ्यास करून १९४८ मध्ये दाखवून दिले होते की, वाढपी आणि स्वयंपाकघर यांच्यातील ताण हा स्वभावदोषाचा परिणाम नसून कामाच्या रचनेचा आहे. कमी दर्जाचा मानला जाणारा माणूस वरच्या दर्जाच्या माणसाला 'ऑर्डर' सोडतो, हेच मुळी खटकते. ऑर्डर तोंडी न देता चिठ्ठीवर लिहून खिळ्यावर टोचल्याने भांडणे कमी होतात, असे त्यांचे निरीक्षण होते. उडुपी हॉटेलात आरोळी ठोकून ऑर्डर सांगण्याची पद्धत होती आणि आत उभा असलेला आचारी जातीने व नात्याने मालकाच्या जवळचा असे. तेथील ताण शिकागोपेक्षा कमी असण्याचे कारण नव्हते.

बक्षिसी ही वेतन आहे काय, हा प्रश्न न्यायालयांपुढे वेगवेगळ्या वेळी आला. जयपूरच्या रामबाग पॅलेस हॉटेल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये, बक्षिसी ही मालकाने दिलेल्या वेतनाचा भाग मानता येणार नाही, असा निर्णय दिला. कामगारांच्या दृष्टीने त्याचा लाभ स्पष्ट होता; 'तुम्हाला ग्राहक देतातच' असे म्हणून मालकाला हात आखडता घेता येणार नव्हता. पुढे २०१६ मध्ये प्राप्तिकराच्या एका प्रकरणात हेच तत्त्व पुन्हा उपयोगात आले. कार्डाने जमा झालेली बक्षिसी हॉटेलने कर्मचाऱ्यांत वाटली तरी ते वेतन नव्हे, म्हणून त्यावर उगमस्थानी कर कापण्याची जबाबदारी हॉटेलवर नाही, असे ठरले. एकाच तत्त्वाने प्रथम कामगाराला आधार दिला आणि चाळीस वर्षांनी मालकाचा भार हलका केला.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी बिलात सक्तीने सेवाशुल्क लावण्याविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी त्या वैध ठरविल्या. या वादात मालकांच्या संघटनांनी कर्मचाऱ्यांचे हित पुढे केले होते. सेवाशुल्क कर्मचाऱ्यांसाठीच असेल तर ते वेतनातच का मिळवू नये, हा प्रश्न एखाद्या सामान्य ग्राहकालाही पडावा.

ताजमधील कर्मचारी आणि कॉफी हाऊसचे भागधारक

२६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात ताजमहाल हॉटेलच्या कर्मचाऱ्यांनी पाहुण्यांना वाचविताना प्राण गमावले. रोहित देशपांडे व अंजली रैना यांनी 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'च्या डिसेंबर २०११ च्या अंकात या वर्तनामागील कारणे शोधली. महानगरांऐवजी लहान शहरांतून केलेली निवड, इतरत्र बारा महिन्यांचे असते ते प्रशिक्षण अठरा महिन्यांचे असणे आणि चांगल्या कामाची तत्काळ दखल घेणारी योजना यांकडे त्यांनी बोट दाखविले. मान्यता हा हर्झबर्ग यांनी सांगितलेला घटक येथे ठळकपणे दिसतो. मात्र त्या रात्रीच्या धैर्यावरून कार्यसमाधान सिद्ध होते असे मानणे घाईचे ठरेल. माणसे केवळ नोकरीवर समाधानी आहेत म्हणून मृत्यूला सामोरी जात नाहीत.

मालकी कोणाची, हा प्रश्न याहून मूलगामी होता आणि तो मुंबईत सुरू झालेल्या एका संस्थेच्या कामगारांनी विचारला. २८ सप्टेंबर १९३६ रोजी चर्चगेट येथे पहिले इंडिया कॉफी हाऊस उघडले. भारतीय कॉफीचा खप वाढविणे हा त्याचा हेतू. पुढे कॉफी बोर्डाने देशभर अशी अनेक केंद्रे चालविली. १९५० च्या दशकाच्या मध्यास बोर्डाने ती बंद करण्याचे ठरविले आणि कामगारांपुढे बेकारी उभी राहिली. कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या प्रेरणेने कामगारांनी सहकारी संस्था स्थापन करून ही केंद्रे स्वतः चालविण्याचे ठरविले. पहिली संस्था १९ ऑगस्ट १९५७ रोजी बंगळूरला नोंदली गेली. सहकारी तत्त्वावरील पहिले कॉफी हाऊस २७ ऑक्टोबर १९५७ रोजी दिल्लीत सुरू झाले. १९५८ अखेर मुंबई, पुणे व नागपूरसह अनेक शहरांत हा प्रयोग पोहोचला.

याच काळात गिरणगावात शेकडो स्त्रिया गिरणी कामगारांसाठी घरी खानावळी चालवीत होत्या. त्यांना 'हॉटेल कर्मचारी' कोणी म्हटले नाही आणि 'मालकीण' म्हणण्याइतके भांडवल त्यांच्यापाशी नव्हते. त्या सावकाराच्या व्याजात अडकलेल्या होत्या. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळाच्या रूपाने त्यांना संघटित केले व बँकेच्या कर्जाची वाट मोकळी केली. काम तेच, चूल तीच. बदलला तो कमाईवरील हक्क.

कॉफी हाऊसच्या बाबतीत बाह्यतः फारसे काही पालटले नाही. पांढरा गणवेश, कमरेचा पट्टा, डोक्यावरचा तुरेदार फेटा बोर्डाच्या काळातलाच राहिला. पूर्वी तो पोशाख सेवकाचा होता, आता तो भागधारकाच्या अंगावर होता. केरळातील संस्थांत साफसफाईपासून सुरुवात करून ज्येष्ठतेने वर चढत व्यवस्थापक होण्याची पद्धत रूढ झाली. पदविकेचा दुसरा दरवाजा तेथे ठेवला गेला नाही. उडुपी हॉटेलातील शिडी आणि ही शिडी यांत साम्य आहे, फरक दोराचा आहे. एक नात्याने बांधलेली, दुसरी संस्थेच्या नियमाने. उडुपीच्या शिडीचा शेवट स्वतःच्या मालकीत होई, तर येथे पहिल्या पायरीवरच्या माणसालाही संचालक निवडण्याचे मत होते.

याची किंमतही होती. दर कमी ठेवावयाचे, तासन्तास एका कॉफीवर बसणाऱ्या विद्यार्थ्याला वा लेखकाला उठवावयाचे नाही आणि तरी संस्था चालवावयाची, हा ताळेबंद मालकाच्या माथी मारता येत नव्हता. तोटा झाला तर तो आपलाच. आणीबाणीच्या काळात, १९७६ मध्ये, दिल्लीच्या कॅनॉट प्लेसमधील कॉफी हाऊस पाडण्यात आले, तेव्हा राजकीय चर्चेचा एक अड्डा गेला, अशी हळहळ व्यक्त झाली. तेथे टेबलांवर कॉफी नेऊन देणाऱ्यांच्या लेखी ते त्यांच्या मालकीचे दुकान होते. मोहन सिंग प्लेसमध्ये त्यांनी ते पुन्हा मांडले.